बिराम जोब अदबीने वागतो

८ नोव्हेंबर

आज सहारा वाळवंटाने माझ्याविरुद्ध उघड कारवाई केली. नोंद करून ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको की कुंबा न्जाय गप्प बसली.

पाऊस जाऊन लाल रस्ता वाळला. हंगामातली पहिली पाहुणी उद्या यायची, म्हणून माझ्या गेस्टहाऊसच्या चारही खोल्यांच्या चादरी धुऊन अंगणभर वाळत घातल्या. पांढऱ्याशुभ्र! दहाच्या सुमाराला उत्तरेकडून तो कोरडा वारा सुटला, यंदाचा पहिलाच. दुपारपर्यंत माझ्या चादरी दूध घातलेल्या चहाच्या रंगाच्या. एवढं अवाढव्य वाळवंट, त्याला स्वतःची धूळ घरी ठेवता येऊ नये? तक्रार करावी तर त्यांचं ऑफिस कुठे आहे ते कुणी सांगत नाही.

त्यात वल्हं खांद्यावर टाकून बिराम जोब कुंपणाशी उभा. माझ्या पाहुण्यांना नदीवर फिरवते ती याचीच होडी.

"ए न्जाय! तुला विकत घेतली तेव्हाच माझे आजोबा म्हणाले होते, या पोरीला धुणं येत नाही, परत करा."

"तुझे आजोबा? त्यांना आम्ही टोपलीभर शेंगांना विकलं होतं. घेणाऱ्याने संध्याकाळी परत आणून सोडले. म्हणाला, खातात फार. वर शेंगाही परत मागितल्या."

बिरामला इतकं हसू आलं की वल्हं खाली ठेवावं लागलं. मग चादरीचं दुसरं टोक धरून त्याने झटकायला मदत केली. न्जायांची सात पिढ्यांची खादाडी सांगता सांगता चारही खोल्यांच्या चादरी झटकून झाल्या. न्जायाने जोबाला आणि जोबाने न्जायाला वाटेल ते बोलावं आणि कुणी राग धरू नये, एवढी एकच व्यवस्था आमच्या पूर्वजांनी धड लावून ठेवली आहे. बाकी सगळ्याचा विचका केला.

९ नोव्हेंबर

पाहुणी आली. मारिटबाई, हॉलंडच्या, निवृत्त शाळामास्तरीण. उंच, लाल नाक, पायांत डोंगर चढायचे बूट. आमच्या जिल्ह्यात डोंगर नाही, पण बुटांना ते कोण सांगणार. बाई दोन वर्षं पुस्तकातून आमची वोलोफ भाषा शिकून आल्या आहेत. फाटकातच त्यांनी मला, माझ्या घरच्यांना, गुरांना आणि पिकांना क्षेमकुशल विचारलं. मला गुरं नाहीत, तरी बरी आहेत म्हणून सांगितलं.

त्यांना आपला शब्दन् शब्द कळतो! केवढं हायसं वाटलं. म्हणजे काही समजावून सांगायला नको.

१० नोव्हेंबर

बाईंना माझं तिखट झेपत नाही असं दिसतं. दुपारी अंगणात बसून आम्ही एका परातीत मासे-भात खात होतो. मी, बाई आणि माझी नणंद तेनिंग, जी स्वयंपाक बघते. बिराम आला, बोलावण्याची वाट न बघता बसला आणि माझ्यासमोरचा माशाचा तुकडा उचलला.

"दासीने मासा खाऊ नये. तिची अक्कल वाढते."

"खा, खा. चोराच्या घरचा तू, हात मारल्याशिवाय तुला पचत नाही."

"ही बघा जोबांची मालमत्ता, आणि तोंड बघा मालमत्तेचं!"

बाईंचा हात परातीतच थांबला. चेहरा आधी पांढरा, मग लाल. मिरची, दुसरं काय! मी पाणी पुढे केलं. त्यांनी पाणी घेतलं नाही, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "कुंबा, तू फार सोसलंयस."

सकाळी मी पाण्याचं पिंप एकटीने हलवलं होतं. ते त्यांनी पाहिलं असावं. कदर आहे बाईंना.

११ नोव्हेंबर

तेनिंग सांगत होती, बाईंनी स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, हा माणूस कुंबाशी नेहमी असाच बोलतो का?

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हटलं, हे तर काहीच नाही. दादाच्या मयताला याहून वाईट बोलला होता."

"मग?"

"मग काय. बाई रडल्या. मी कांदा बाजूला सरकवला."

घरची आठवण येत असणार. एकटी बाई, परका देश. उद्यापासून मिरची निम्मी.

१३ नोव्हेंबर

बाई बिरामच्या होडीतून पाणघोडे बघायला गेल्या. सकाळी गेलेल्या, परतायला ऊन कलंडलं. बाईंचा चेहरा एकदम उजळलेला. एवढे पाणघोडे दिसले? म्हटलं, किती पाहिलेत. म्हणाल्या, त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही, बिरामशी मनमोकळं बोलणं झालं.

बिराम मात्र होडी बांधून खाली मान घालून परस्पर घरी गेला. चहालाही थांबला नाही. आमच्या अतायाचे, त्या कडक हिरव्या चहाचे, तीन घोट सोडून जाणारा जोब मी आजवर पाहिलेला नाही. पोट बिघडलं असेल. जोबांचं पोट म्हणजे काय, वापर भरपूर.

१४ नोव्हेंबर

आज तारीख दोनदा तपासून लिहिली.

आज सकाळी बिराम जोब फाटकाशी थांबला, टोपी काढली आणि म्हणाला, "सलाम, कुंबाबाई. रात्र शांततेत गेली ना?"

मी मागे वळून बघितलं, आणखी कोणी कुंबाबाई उभी आहे का. नव्हती.

"घरची माणसं बरी आहेत ना? तेनिंगबाईंची तब्येत? माझ्या हातून होण्याजोगं काही काम असेल तर संकोच करू नका."

आणि गेला.

मी ओट्यावर बसले. तेनिंगला म्हटलं, माझ्या कपाळाला हात लाव बघू. तिने लावला. म्हणाली, गार आहे. म्हणजे मला काही झालेलं नाही. मग झालंय ते त्याला.

१५ नोव्हेंबर

प्रयोग केला. बिराम नदीकडे निघाला तेव्हा भर रस्त्यात गाठून म्हटलं, "काय रे, जोबांच्यात कुणी तरी मेलेलं दिसतंय, नाही तर तू आज अंघोळ कशाला केली असतीस?"

सावरीच्या झाडाखालच्या पारावर बसलेले सगळे उत्तर ऐकायला पुढे झुकले.

बिरामच्या मानेची शीर हलली. तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाला, "अल्ला आपल्याला उदंड आयुष्य देवो."

पारावर चहाची किटली उतू गेली, कुणी बघितली नाही. मला भर गावात थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्याला उत्तर देता येतं.

१६ नोव्हेंबर

माझं काय चुकलं? आठवून बघितलं. त्याच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात मी म्हटलं होतं की नवरदेव भिंतीला टेकून ठेवलेल्या झाडूसारखा दिसतो. पण ते खरंच होतं, आणि बिरामच सगळ्यांत मोठ्याने हसला होता. गेल्या पावसाळ्यात त्याची कोंबडी माझ्या परड्यात आली ती मी शिजवली. पण अर्धी त्याच्याकडे पाठवली, आणि निरोप दिला की जोबांची कोंबडीसुद्धा मालकासारखी, नुसती हाडं. त्याने निरोप पाठवला की रस्सा न्जायांसारखा, नुसतं पाणी. म्हणजे सगळं व्यवस्थित होतं.

मालिक, माझा नवरा, गेला त्या दिवसाचं सारखं आठवतंय. घर भरलेलं, इमाम आलेले, जनाजा उचलायची वेळ. मी कोपऱ्यात दगडासारखी. डोळ्यांत पाणी नाही, तोंडात शब्द नाही. बायका घाबरल्या होत्या. आणि हा बिराम उंबऱ्यात आडवा पडला, अख्खा दरवाजा अडवून. म्हणे, माझं येणं चुकतं केल्याशिवाय मयत हलणार नाही! या माणसाने एवढी वर्षं या न्जायणीला पोसलं, आता ही खादाड कुणाच्या गळ्यात मारून चाललाय? माझ्या? विचारा त्याला, विचारा! माझ्या तोंडून आधी हसू फुटलं आणि त्याच्या मागून रडू. हसले म्हणून तर श्वास आला.

त्यानंतर रोज सकाळी तो कुंपणाशी थांबून एक तरी वाईट शब्द टाकून जातो. मी कधी मोजले नाहीत. भाकरी कुणी मोजतं का?

१७ नोव्हेंबर

ठरवलं. सभ्यता म्हणतोस? घे सभ्यता.

फाटकात समोरासमोर आलो. तो आत येत होता, मी बाहेर पडत होते.

"आधी आपण, जोबसाहेब."

"छे छे, कुंबाबाई, आधी आपण."

"आपण वयाने मोठे."

"आपण घरच्या मालकीण."

मधे पाववाला सायकल धरून उभा. टोपलीतले लांब पाव उन्हात कडक व्हायला लागले. शेवटी तो म्हणाला, "तुमच्यात कुणी मेलं असेल तर मी मागच्या बाजूने येतो."

बाई व्हरांड्यातून बघत होत्या. टाळ्या वाजवायच्याच राहिल्या होत्या. परदेशी माणसाला कशात सुख वाटेल सांगता येत नाही.

१९ नोव्हेंबर

आज मी खरं वाईट काम केलं. लिहून ठेवते, उगाच पांघरूण नको.

पलीकडच्या काठच्या मोटरबोटवाल्याला निरोप पाठवला. म्हटलं, या हंगामात माझे पाहुणे तू न्यायचेस. बिरामला विचारलं नाही, सांगितलंही नाही. सकाळी बिराम होडी पुसून, बाईंसाठी उशी ठेवून तयार बसलेला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती मोटरबोट धूर सोडत धक्क्याला लागली. बिरामने बाईंना हात देऊन तिच्यात चढवलं. मग आपल्या होडीतली उशी काढून खांद्यावर टाकली आणि घरी गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

मोटरच्या आवाजाने पाणघोडे बुडाले ते वर आलेच नाहीत. पक्षी थेट सीमेपार सेनेगलला गेले असावेत. तरी बाईंनी परत आल्यावर मला मिठी मारली.

"अखेर तू ठाम उभी राहिलीस, कुंबा!"

मी म्हटलं, हो, पाय दुखतायत.

जेवण गेलं नाही. तेनिंग म्हणाली, मिरची निम्मी केल्यापासून कुणालाच जेवण जात नाही.

२१ नोव्हेंबर

आमचे गावप्रमुख, अल्कालो, यांनी दोघांना पारावर बोलावलं. शुक्रवारी त्यांच्या नातवाचं बारसं. जोबाने बोकडाचं डोकं पळवायचं आणि न्जायाने मागे शिव्या देत धावायचं, ही रीत. ती झाली नाही तर पोराला गावात हसू कोण शिकवणार? अख्खं गाव जमलं. बाईही येऊन चटईवर बसल्या.

"बिराम, तुझी हिच्याविरुद्ध काय तक्रार?"

"कुंबाबाईंविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्या थोर आहेत."

"कुंबा?"

"जोबसाहेबांबद्दल मला आदरच आहे."

अल्कालोंनी कपाळाला हात लावला. "ऐकलंत? ऐकलंत कसे बोलतायत? सुरे काढले असते तर मी सोडवलं असतं. माझ्या बापाच्या काळात भाऊ भावाशी भांडला, सासू सुनेशी भांडली. न्जाय आणि जोब एकमेकांना 'आपण' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकतोय. यावर काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही."

तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या. पुस्तकातल्या वोलोफमध्ये, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत म्हणाल्या, "आदरणीय अल्कालो, कृपया बिरामला रागावू नका. त्याने वचन पाळलं आहे. मी त्याला होडीत विनंती केली होती, मी इथे आहे तोवर कुंबाचा अपमान करू नकोस. आणि तिला हे कळू देऊ नकोस, तिला संकोच वाटेल."

पारावर एकदम सगळे बोलायला लागले.

"वचन दिलंस?" अल्कालो ओरडले.

"पाहुणीने मागितलं," बिराम म्हणाला. "नाही कसं म्हणू? शिवाय ती रडत होती, आणि होडी लहान आहे."

"अरे, पण कधीपर्यंत आहेत या?"

"महिनाअखेरपर्यंत," बाई म्हणाल्या. सगळ्या पाराने उसासा टाकला.

तेनिंगने बाईंना बाजूला बसवून आमची रीत सांगितली. ऐकता ऐकता बाईंचे कान लाल झाले. "म्हणजे तो जितकं वाईट बोलतो..."

"तितकं बरं."

"पण दासी, मालमत्ता, हे शब्द? या नदीवर?"

हे मात्र बाईंनी बरोबर विचारलं. कुणी हसलं नाही. अल्कालोंनी नदीकडे बोट केलं. म्हणाले, "या नदीवरून माणसं खरोखरच नेली, बाई. माझ्या आजीची आजी त्यांची नावं सांगायची. नेणारे फार अदबीने बोलायचे म्हणे. तेव्हापासून आम्हाला अदबीची धास्ती वाटते. दासी हा शब्द आम्ही ज्याला कधीही विकणार नाही त्याच्यावरच फेकतो."

बाईंनी तिथल्या तिथे बिरामला वचनातून मोकळं केलं. गाव आनंदाने सरसावून बसलं. आता होणार! एवढ्या दिवसांचं तुंबलेलं आता फुटणार!

बिरामने माझ्याकडे बघितलं. मीही तयार होते. पण तो नुसताच म्हणाला, "जाळं वाळत घालायचंय." आणि उठून गेला.

तेव्हा मला कळलं. तो वचनाने बांधलेला होता. मी नव्हते. मोटरबोट मी मोकळ्या हातांनी बोलावली होती.

अल्कालोंना सगळं ठाऊक. घसा खाकरून कुणाकडेच न बघता म्हणाले, "थट्टेच्या नात्यात ज्याने राग धरला त्याने कोलाची बी चघळायला देऊन मिटवायचं, एवढं जुनी माणसं सांगून गेलीत. कोण, ते मी विचारत नाही." सगळे सावरीच्या शेंड्याकडे बघायला लागले. तिथे काहीही नव्हतं.

२२ नोव्हेंबर

मोटरबोटवाल्याला नाही म्हणून कळवलं. सुटल्यासारखा दिसला. म्हणाला, तुमची पाहुणी वाटभर वोलोफमध्ये माझ्या गुरांची चौकशी करत होती.

बाईंनी माझी माफी मागितली, एकदा इंग्रजीत, एकदा वोलोफमध्ये आणि एकदा जेवता जेवता. शेवटी तेनिंग वैतागून म्हणाली, "यांना एक आडनाव देऊन टाका, म्हणजे सुटतील." मग त्यांना जोब केलं. मी लगेच म्हटलं, "ए जोब, तुझे पाय बघून वाटतं की तुला बुटांसकट विकत घेतली असणार."

बाई आनंदाने उडाल्याच. खोलीत जाऊन बराच वेळ तयारी केली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "कुंबा न्जाय, तुझे भात खाण्याचे प्रमाण अत्यंत अवाजवी आहे."

सुरुवात म्हणून वाईट नाही. तेनिंग हसून हसून कोलमडली. मीही हसले, पण कुंपणाकडे बघत हसले.

२३ नोव्हेंबर

बिराम आला नाही. होडी नदीकाठी उलटी घालून डांबर लावत बसलाय असं कळलं. मिरची पुन्हा पूर्ववत केली. बाई घाम पुसत दोन वाट्या जेवल्या.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बारसं, म्हणून फटफटायच्या आत बाजारवाल्या बाईच्या दारात जाऊन तिला उठवलं आणि कोला घेतला. तिने कशासाठी ते विचारलं नाही. तिलाही ठाऊक. या गावात गुपित ठेवायचं असेल तर नदीपलीकडे राहायला जावं.

सकाळी आता गारठा असतो. नदीवर धूर तरंगावा तशी धूळ. बिराम उपड्या होडीच्या कण्याजवळच्या फटींत चिंध्या ठोकत होता. मी गेले आणि त्याच्या शेजारी दगडावर बसले. तो ठोकत राहिला. मी कोला दोन हातांनी पुढे केला. यापूर्वी त्याला काहीही देताना मी दोन हात वापरलेले नाहीत.

त्याने हातोडी ठेवली. कोला घेतला, उजेडाकडे धरून फिरवून बघितला. अंगठ्याच्या नखाने दोन भाग केले, एक मला दिला. आपला भाग दाढेखाली धरून चावला. बराच वेळ चावला. एक बगळा उडाला तोही त्याने शेवटपर्यंत बघितला.

मग म्हणाला, "कडू."

"कोला कडूच असतो."

"न्जायांच्या हातून आला की जास्त. चोरलास ना?" आणि सुरू झाला. "बाजारवालीला फसवलंस? का उधारीवर? एवढी वर्षं फुकट खाऊन शेवटी एक कोला, तोही अर्धा परत घेतलास! दोन हातांनी देतेय बघा, जशी काही गाय दान करतेय! त्या मोटरच्या डब्याचा धूर पिऊन पाणघोडे आठवडाभर खोकतायत, त्यांची माफी मागायला पण येशील ना? आणि हो, तुझ्या चादरी. त्या दिवशी वारा नव्हता न्जाय, तू धुतल्याच नव्हत्यास. मी गावात सांगितलं नाही एवढाच माझा मोठेपणा, नाही तर तुझ्या गेस्टहाऊसमध्ये ढेकूणसुद्धा उतरला नसता!"

दम लागला तेव्हा थांबला. मान तिरकी करून कान माझ्याकडे केला आणि वाट बघू लागला.

उत्तर होतं माझ्याकडे. यंदाच्या वर्षातलं सर्वांत चांगलं. त्याचे आजोबा, ढेकूण आणि त्याचं लग्न, तिन्ही एका वाक्यात बसत होते. जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं होतं. गावातलं कुणी ऐकायला नव्हतं, तरी तो आयुष्यभर विसरला नसता.

मोटरबोटीच्या बदल्यात मी कोलाचा अर्धा तुकडा तोंडात टाकला, उत्तरासकट चावला आणि गिळला.

कडू होता.